भाजलेल्या भाज्या आणि पांढऱ्या राजम्याचं दाटसर सूप: पहिल्यांदा करताना

या सुपात क्रीम नाही, मैदा नाही, कॉर्नफ्लॉवरही नाही. तरी चमचा बुडवून उलटा केला की सायीसारखा थर त्याच्या पाठीला धरून राहतो. हा दाटपणा राजम्याचा. चव येते ती भाज्यांच्या खरपूस झालेल्या कडांतून. राजमा वेगळा शिजवायचा, भाज्या वेगळ्या भाजायच्या आणि दोघांची गाठ अगदी शेवटी घालून द्यायची, एवढं पाळलं तर पहिल्याच खेपेला सूप जमतं. सगळं एका पातेल्यात घालून उकळलं तर तयार होतं तेही सूपच, पण त्याला उकडलेल्या भाजीची चव असते आणि राजम्याची सालं दाताखाली येत राहतात.

प्रत्यक्ष हाताचं काम पाऊण तासाचं आहे. उरलेला वेळ राजमा भिजतो आणि ओव्हन भाजतं. तुम्ही फक्त जवळपास असलं पाहिजे.

पाच-सहा वाडगे सुपासाठी हे घ्या: सुका पांढरा राजमा १ कप (साधारण २०० ग्रॅम), लाल भोपळा ४०० ग्रॅम, मध्यम गाजरं २, लाल ढोबळी मिरची १ मोठी, पिकलेले टोमॅटो ३, मोठे कांदे २, लसणाचा १ अख्खा गड्डा, तेल ४ ते ५ मोठे चमचे, १ तमालपत्र, १ लहान चमचा जिरे, मिरपूड, मीठ आणि १ लिंबू. भाज्यांच्या वजनात थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. राजम्याचं प्रमाण मात्र कमी करू नका, कारण पुढे सुपाला दाटपणा देणारं दुसरं काहीच यात नाही.

पांढरा राजमा मिळाला नाही तर चवळी किंवा काबुली चणे चालतात. चवळी लवकर शिजते, पण तिला स्वतःची मातकट चव असते. काबुली चणे वाटल्यावर थोडे रवाळ राहतात, ते जास्त वेळ वाटावे लागतात. लाल राजम्याचं सूपही चवीला चांगलं होतं, फक्त रंग तपकिरी येतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पांढराच घ्या. त्याची साल पातळ, आतला गर लोण्यासारखा आणि चव इतकी सौम्य, की भाजलेल्या भाज्यांच्या आड येत नाही.

आदल्या रात्री

राजमा पसरून निवडा, खडे आणि सुरकुतलेले, फुटके दाणे काढा. दोनदा धुऊन १ लिटर पाण्यात २ लहान चमचे मीठ विरघळवून त्यात ८ ते १० तास भिजत घाला. मिठाने राजमा कडक होतो असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण होतं उलटंच. दाण्याच्या सालीतलं पेक्टिन, म्हणजे तिच्या पेशींना एकत्र चिकटवून ठेवणारं द्रव्य, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने घट्ट बांधलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यातली काही जागा घेतं, बांधणी सैल होते आणि साल मऊ पडते. मऊ साल वाटताना विरून जाते, म्हणून या सुपासाठी मिठाचं पाणी फार मोलाचं आहे.

सकाळी ते पाणी फेकून द्या आणि राजमा स्वच्छ पाण्याने धुवा. दाणे फुगून जवळजवळ दुप्पट झालेले दिसतील. एखादा दाणा नखाने अर्धा करून पाहा. मध्ये वेगळ्या रंगाचा कोरडा ठिपका दिसत असेल तर अजून एक-दोन तास भिजू द्या.

राजमा शिजवणं

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्यात कमी, पण असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. खळखळून उकळल्यावर हे द्रव्य निकामी होतं, नुसतं गरम राहून होत नाही. म्हणून भिजवलेला राजमा आधी किमान १० मिनिटं पूर्ण उकळीवर ठेवायचा, मग आच कमी करायची. मंद तापमानावर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा कधीच थेट घालू नका. तिथे तो मऊ दिसला तरी तापमान पुरेसं चढलेलं असेलच असं नाही. प्रेशर कुकरमध्ये ही काळजी उरत नाही, कारण आतलं तापमान उकळत्या पाण्याच्याही वर जातं.

कुकरमध्ये राजमा, तो बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी, तमालपत्र, अर्धा लहान चमचा मीठ आणि फेस येऊ नये म्हणून थोडं तेल घाला. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका. मोठ्या आचेवर एक शिट्टी येऊ द्या, मग गॅस बारीक करून १५ मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिट्टी उचलली तर फेसाळ पाणी बाहेर उसळतं आणि दाणे फुटतात. उघड्या पातेल्यात शिजवायचा असेल तर पहिल्या १० मिनिटांच्या खळखळ उकळीनंतर मंद आचेवर एक ते दीड तास धरा आणि पाणी आटलं की गरम पाणी घाला.

शिजला की नाही हे कसं ओळखायचं? दोन दाणे चमच्यात घेऊन त्यांच्यावर फुंकर मारा. साल तडकून सुटायला लागली की शिजत आला. मग एक दाणा जिभेने टाळूवर दाबा. दात न लावता तो पिठुळ न लागता विरघळला पाहिजे. असं पाच वेगवेगळ्या दाण्यांवर करून पाहा, कारण एकाच भांड्यातले सगळे दाणे एकदम शिजत नाहीत. कोशिंबिरीसाठी किंवा रश्श्यासाठी आपण राजमा जितका मऊ करतो, त्यापेक्षा या सुपासाठी थोडा जास्तच मऊ हवा.

टोमॅटो किंवा लिंबू राजम्यासोबत शिजायला घालायचं नाही. मी हे सूप शिकत होते तेव्हा एक भांडं वाचवायला टोमॅटो राजम्याबरोबरच कुकरमध्ये टाकले. दोनदा कुकर लावला तरी दाणे आतून चामट राहिले आणि वाटलेलं सूप जिभेला वाळूसारखं लागलं. आंबटपणामुळे सालीतलं पेक्टिन विरघळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जुना, वर्ष-दोन वर्षं डब्यात पडून राहिलेला राजमाही असाच हट्टी असतो. त्यासाठी आणि फार जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा कामाला येतो. चिमटीपेक्षा जास्त मात्र नको, साबणासारखी चव येते.

शिजलेल्या राजम्याचं पाणी फेकू नका. भिजवलेलं पाणी फेकायचं, शिजवलेलं ठेवायचं. त्यात स्टार्च आणि प्रथिनं उतरलेली असतात, ते थंड झाल्यावर बोटांना किंचित चिकट लागतं. तेच या सुपाचं स्टॉक. तमालपत्र आठवणीने काढून ठेवा, वाटणात गेलं तर त्याचे तुकडे घशाला टोचतात.

भाज्या भाजणं

ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर तापत ठेवा आणि पूर्ण तापू द्या. भाजी भाजण्याचं मर्म पाण्यात आहे. भाजीच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे ती फक्त वाफवली जाते. ओल उडाली की तापमान चढतं आणि साधारण १४० अंशांच्या पुढे साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जोडून तो तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया पहिल्यांदा मांडली, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. आपल्याला त्यातून दोन कामं निघतात: धुतलेली भाजी फडक्याने नीट कोरडी करायची, आणि ट्रेमध्ये तुकडे एकमेकांना खेटून ठेवायचे नाहीत. तुकड्यातुकड्यांत बोटभर जागा हवी. एका ट्रेमध्ये मावत नसेल तर दोन ट्रे घ्या आणि अर्ध्यावर त्यांच्या जागा बदला.

भोपळा सोलून दीड इंचाचे तुकडे करा. गाजर कडक असतं, त्याचे तुकडे निम्म्या आकाराचे करा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी होतील. कांद्याच्या मुळाकडचा भाग न कापता जाड फोडी करा, पाकळ्या सुट्या झाल्या की त्यांच्या कडा जळतात. ढोबळी मिरची अर्धी करून बिया काढा आणि साल वर येईल अशी ठेवा. टोमॅटो अर्धे करून कापलेली बाजू वर ठेवा, आणि जमलं तर त्यांना ट्रेच्या एका कडेला वेगळं बसवा. त्यांचं पाणी सुटून शेजारच्या भोपळ्याखाली गेलं तर भोपळा भाजायचा सोडून शिजायला लागतो. सगळ्यावर ३ मोठे चमचे तेल आणि पाऊण लहान चमचा मीठ घालून हाताने चोळा. प्रत्येक तुकड्याला तेलाची चमक दिसली पाहिजे, पण ट्रेच्या तळाशी तेलाचं तळं नको.

लसणाचा गड्डा सोलू नका. वरचं टोक कापून पाकळ्यांची तोंडं उघडी करा, अर्धा चमचा तेल सोडा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि ट्रेवर ठेवा. लसणाचा उग्रपणा पाकळी चिरल्यावर, ठेचल्यावर तयार होतो. एक एन्झाइम तिथे कामाला लागतं. पाकळी अख्खीच भाजली की उष्णतेने ते एन्झाइम आधीच बंद पडतं आणि आतला लसूण गोडसर, लोण्यासारखा होतो. गड्डा पाहून घाबरायचं कारण नाही, सुपात तो कुठे आहे हे कुणाला सांगताही येणार नाही.

पहिली २० मिनिटं ओव्हन उघडू नका, तुकडे हलवू नका. तळाला तेव्हाच रंग धरत असतो. मग एकदा उलथण्याने तुकडे पलटा, जिरे भुरभुरवा आणि आणखी १५ ते २० मिनिटं ठेवा. जिरे किंवा कुठलाही मसाला सुरुवातीपासून घातला तर तो करपून कडू होतो.

झालं हे घड्याळावरून ठरवू नका. गाजरात सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे. भोपळ्याच्या कडा गडद तपकिरी आणि थोड्या चिकट दिसतात, ट्रेवर साखरेच्या पाकासारखे डाग पडतात. कांद्याची टोकं काळपट, पण पाकळ्या आतून पारदर्शक असतात. टोमॅटो आक्रसून अर्ध्यावर येतो. ढोबळी मिरचीच्या सालीवर फुगे येऊन काळे डाग पडले की ती एका वाडग्यात घालून वर ताटली झाका. दहा मिनिटांत स्वतःच्याच वाफेने साल सुटते आणि चिमटीत धरून पातळ कागदासारखी सोलली जाते. साल काढाच. मिक्सर तिला बारीक करतो, पण विरघळवत नाही.

नवख्या हातांना भाज्या लवकर काढायची घाई असते. फिक्या पिवळ्या, मऊ झालेल्या भाज्या बघून झालं असं वाटतं. आणखी दहा मिनिटं थांबा, सुपाची सगळी कमाई त्या दहा मिनिटांत आहे. फक्त अगदी कोळसा झालेले तुकडे वाटणाआधी काढून टाका, तो कडूपणा पुढे कशानेच लपत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई किंवा लोखंडी तवा चांगला तापवून थोड्याथोड्या भाज्या एका थरात परता, प्रत्येक घाण्याला ८ ते १० मिनिटं. एका बाजूला डाग पडेपर्यंत हलवायच्या नाहीत. गाजर-भोपळा आतून कच्चा राहिला तर शेवटी दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा. ढोबळी मिरची चिमट्यात धरून थेट आचेवर भाजता येते. एअर फ्रायरमध्ये १९० ते २०० अंशांवर दोन-तीन घाण्यांत १८ ते २० मिनिटं लागतात.

भाज्या काढून झाल्यावर ट्रे सिंकमध्ये टाकू नका. त्यावर अर्धा कप गरम पाणी ओतून लाकडी उलथण्याने चिकटलेला तपकिरी थर खरवडा. ते गडद पाणी सुपात जायचं आहे. ट्रे काचेचा असेल तर थंड पाणी अजिबात ओतू नका, तडकतो.

वाटणं

आधी फक्त राजमा. त्यातला मूठभर वर घालायला बाजूला ठेवा. बाकीचा मिक्सरच्या भांड्यात घालून त्याचंच पाऊण कप पाणी घाला आणि थांबून थांबून दोन-तीन मिनिटं वाटा. पाणी कमी असताना दाणे पात्यांपासून पळत नाहीत, म्हणून सालही बारीक होते. सगळं एकदम भरपूर पाण्यात वाटलं तर सालींचे कण पोहत राहतात. दोन बोटांत थोडं वाटण घेऊन चोळा. काही टोचलं, खरखरलं तर अजून फिरवा. हे वाटण लोण्यासारखं चकचकीत दिसायला लागलं की अर्धी लढाई जिंकली.

ते काढून भाज्या वाटा. लसणाचा गड्डा मुळाकडून दाबला की पाकळ्यांचा गर फॉइलमध्येच बाहेर येतो, तो यात घाला. ट्रेचं पाणी आणि लागेल तसं राजम्याचं पाणी घाला. वाटण फिरत असतानाच झाकणाच्या भोकातून १ ते २ मोठे चमचे तेल बारीक धारेने सोडा. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब त्यात मिसळून जातात, रंग एक छटा फिका होतो आणि क्रीम घातल्यासारखा मऊसूतपणा येतो. हेच तेल वरून ओतलं तर नुसतं तरंगतं.

गरम वाटण मिक्सरमध्ये फिरवताना हात जपा. बंद भांड्यात वाफ एकदम फुगते आणि झाकण उडतं. माझ्या मनगटावर असं उकळतं वाटण उडालं होतं, आठवडाभर हात नीट वापरता आला नाही. त्यामुळे भाज्या १५ मिनिटं निवू द्या, भांडं अर्ध्याच्या खालीच भरा, झाकणाची मधली टोपी काढून तिथे जाड फडकं दाबून धरा आणि सर्वांत कमी वेगावर सुरू करा. मधल्या टोपीचं झाकण नसलेला मिक्सर असेल तर वाटण पूर्ण थंड करूनच फिरवा, घाई करू नका. तेल मग दोन झटक्यांच्या मध्ये थांबून घाला. हॅण्ड ब्लेंडर असेल तर थेट पातेल्यात वाटता येतं. पातं पूर्ण बुडलेलं असतानाच बटण दाबा. त्याने मिक्सरइतकं गुळगुळीत होत नाही, पण घरगुती सुपाला पुरतं.

दाटपणा वाढवायला बटाटा घालायचा मोह होईल. नको. उकडलेला बटाटा मिक्सरच्या वेगात फुटून त्यातला स्टार्च बाहेर येतो आणि सूप खळीसारखं ताणतं.

पातेल्यात एकत्र

दोन्ही वाटणं जाड बुडाच्या पातेल्यात घ्या, राजम्याचं उरलेलं पाणी आणि गरम पाणी मिळून ३ ते ४ कप होईल इतकं, अर्धा-अर्धा कप करत घाला. मंद आचेवर ८ ते १० मिनिटं ठेवा आणि सपाट उलथण्याने तळ खरवडत राहा. राजम्याचं वाटण पटकन बुडाला लागतं, आणि दाट सूप उकळलं की त्याचे बुडबुडे फुटून हातावर उडतात. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली, की दाटपणा बरोबर.

चव आता घ्या. भोपळा, गाजर, कांदा, भाजलेला लसूण, सगळेच गोडाकडे झुकणारे आहेत, म्हणून पहिला घोट बहुतेक वेळा गोड आणि जड लागतो. त्यावर आधी मीठ, पाव-पाव चमचा घालत. मीठ पुरेसं झालं की भाज्यांची चव वेगवेगळी ओळखू येते. मग गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू घालण्याआधी एक चमचा आणि घातल्यावर एक चमचा चाखून पाहा. जिभेवर बसलेलं सूप एकदम हलकं होतं. हा फरक एकदा कळला की पुढे प्रमाण सांगावं लागत नाही. मिरपूड शेवटी, ताजी कुटलेली.

सूप पातळ झालं असेल तर झाकण न ठेवता आटवा, कॉर्नफ्लॉवर शोधू नका. रंग मळकट आला तर बहुधा हिरवी ढोबळी मिरची किंवा पालक पडला आहे. लाल-केशरी भाज्यांत हिरवं मिसळलं की तपकिरीच होतं. चवीला काही धोका नाही.

बाजूला ठेवलेले राजम्याचे दाणे फडक्यावर कोरडे करून तेलात चोळा आणि ओव्हनच्या उरलेल्या धगीत किंवा तव्यावर कुरकुरीत करा. भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून त्यांच्याबरोबरच भाजता येतात. इतक्या गुळगुळीत सुपाला दाताखाली काहीतरी हवंच.

उरलं तर

हे सूप दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, पण थंड झाल्यावर ते इतकं आळतं की चमचा उभा राहतो. स्टार्चचं ते कामच आहे, बिघडलेलं नाही. गरम करताना अर्धा कप पाणी घाला, ढवळत उकळी आणा आणि मीठ-लिंबू पुन्हा चाखा, पाण्याने चव फिकी होते.

मोठं पातेलं तसंच ओट्यावर निवत ठेवू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट, उथळ डब्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तिथे तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना सूप फुगतं. वितळल्यावर वर पाणी सुटलेलं आणि खाली गाळ बसल्यासारखं दिसतं. गरम करून हॅण्ड ब्लेंडर किंवा रवी अर्धा मिनिट फिरवा, पुन्हा एकजीव होतं.